डाव्या हाताला उत्तर

नाना, तुमच्याशी सरळ बोलायची ही माझी पहिलीच वेळ. सोळा वर्षं एका घरात राहिलो. दोन खोल्या, मधे एक दार, दाराला जुन्या साडीचा पडदा. पण तुम्ही यांचे मोठे भाऊ, माझे जेठ. जेठासमोर पदर हनुवटीपर्यंत आणि तोंडातून शब्द नाही, ही आमच्या शिरपूरकडची रीत. इथे कतारगामात शेजारच्या बायकाही तेच करतात, त्याला लाज काढणे म्हणतात. त्यामुळे सुरतेत येऊनही माझं काही बदललं नाही. तुमचा चेहरा मी पुरता पाहिला तो तुम्हाला जमिनीवर ठेवलं त्या दिवशी. उजव्या भुवईच्या वर तीळ आहे, हे मला माहीत नव्हतं.

काल तुमचं तेरावं झालं. पाहुणे सकाळच्या गाडीने गेले. तुम्ही कसे गेलात, कोण कोण आलं, कोण रडलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे, ते मी लिहीत नाही. माझ्या मंगीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर हे लिहिते आहे. मंगी शाळेत आहे, हे लूमवर आहेत, सातला पाळी सुटेल. तोवर मला तुमच्याशी मंगीच्या हाताबद्दल बोलायचं आहे. उद्या तिची चौथीची परीक्षा सुरू होते आणि ती कोणत्या हाताने लिहिणार, ते अजून ठरलेलं नाही. ठरवणारे तुम्ही होतात.

मंगी व्हायच्या आधी तुम्ही भिंतीशी बोलायचात. "भिंती, च्या व्हयना का?" मग मी पडद्याखालून कप सरकवायचे. एकदा शेजारची मांजर आत शिरली, तर तिलाच म्हणालात, "मांजरबाई, भाजी आज खारट शे." मंगी झाल्यावर सोय झाली. "मंगे, तुनी मायले सांग, माले आज उशीर व्हई." मंगी तेव्हा चार महिन्यांची होती.

त्या शब्दांच्या पुस्तकाची सुरुवात वियाशेठपासून झाली. ट्रान्सपोर्टमध्ये तुमचं काम साड्यांच्या गाठींवर काळ्या रंगाने मार्का मारायचं. कागदावर हिशेब लिहिणारे मेहताजी लिहून देणार, तुम्ही ब्रशने गाठीवर उतरवणार. टू मद्रास, विया गुंटकल. टू कलकत्ता, विया नागपूर. कितीतरी वर्षं तुम्हाला वाटत होतं की विया हा कोणी मोठा व्यापारी आहे आणि गावोगाव त्याचं गोदाम आहे. शेवटी एकदा तुम्ही मेहताजींना विचारलंत, "हाऊ वियाशेठ मूळना कोठला?" मेहताजींच्या हातातला चहा सांडला. त्या दिवसापासून हमाल तुम्हालाच वियाशेठ म्हणायला लागले. "वियाशेठ, नागपूरचं गोदाम कसं आहे?" हे तुम्ही घरी येऊन यांना सांगितलंत तेव्हा हे इतके हसले की ठसका लागला. मीही आत तोंडाला पदर लावून हसले. तुम्ही हसला नाहीत. दोन दिवस नीट जेवला नाहीत.

तिसऱ्या दिवशी रद्दीवाल्याकडून ती जाड इंग्रजी डिक्शनरी घेऊन आलात. त्यात प्रत्येक शब्दाच्या शेवटी कंसात त्याचं मूळ दिलेलं. "रोज लिखस त्या शब्दना बाप कोन शे, ते ते माहीत पाहिजे ना!" असं तुम्ही यांना म्हणालात. ए, बी आणि सी या अक्षरांची पानं फाटून गेली होती, पुस्तक उघडलं की डीच. रोज दुपारच्या सुट्टीत मेहताजींकडून एक शब्द समजून घ्यायचा, वहीत मराठीत लिहायचा आणि संध्याकाळी मंगीला सांगायचा, असं सुरू झालं. तुम्हाला सगळे शब्द नको होते. जाण्यायेण्याचे, दिशांचे, जे गाठींवर येतात तेवढेच. विया म्हणजे रस्ता, हे पहिलं. ते सांगताना तुमचा आवाज थोडा कोरडा होता.

डाऊन तुम्हाला फार आवडला. डाऊन म्हणजे मुळात टेकडी. जुनी माणसं 'टेकडीवरून' असं पुरतं म्हणायची. बोलता बोलता 'वरून' झिजून गेलं, नुसती टेकडी राहिली, आणि तिचाच अर्थ खाली असा झाला. "म्हणजे टेकडी म्हटलं की खाली?" मंगीने विचारलं. तुम्ही म्हणालात, "हां. लोक आळशी शेतस, मंगे. सगळीकडलाच." जर्नी म्हणजे एक दिवस, एका दिवसात होईल तेवढी वाट. ट्रॅव्हल म्हणजे छळ. तीन खुंट जमिनीत रोवून माणसाला बांधून ठेवायचे, त्या खुंटांवरून तो शब्द आला. हे नुकतेच लग्नसराईत नंदुरबारहून गाडीत चार माणसांच्या मधे चेंगरून उभ्याने आले होते. हे म्हणाले, "मंग बराबर शे. पन तीन नही, चार खुंट व्हतात."

स्ट्रेट म्हणजे ताणलेला, हे मात्र यांना लगेच पटलं. लूमवर ताणा ढिला पडला की सूत वाकडं जातं, ताणला की सरळ. "हाई ते मी बी सांगतू," असं हे म्हणाले. "मंग सांगं का नही?" तुम्ही विचारलंत. त्या दिवशी तुम्ही दोघं भाऊ बराच वेळ सूत आणि शब्द यांवर बोलत बसला होतात. मी आत कांदा चिरत होते. घरात असं ऐकायला मिळणं मला चांगलं वाटत होतं.

आणखी एक आठवतं. फाटलेल्या पानांमुळे तुम्हाला अराइव्ह सापडत नव्हता, कम नव्हता, बॅक नव्हता. तुम्ही वैतागून म्हणालात, "हाई पुस्तकमा जावाना शब्द शेतस, येवाना नहीत." मंगी म्हणाली, "रिटर्न शे ना, आरमा!" तुम्ही म्हणालात, "रिटर्न म्हणजे येवाना नही, फिरीसन वळाना. वळना म्हणजे पोचना असं नही."

आता एक गोष्ट लिहिते, ती तुम्हाला माहीत असणार, पण आपण कधी कबूल केली नाही. मंगी तुमच्यापासून हातभर अंतरावर बसायची. तिला सांगायला इतका मोठा आवाज लागत नव्हता. मी भाकरी थापायला लागले की थापेच्या आवाजात तुमचं बोलणं बुडायचं, तेव्हा तुम्ही आवाज आणखी चढवायचात. मला हे कळायला एक महिना लागला. मग एखादा शब्द समजला की मी पळीने पातेल्यावर एकदा वाजवायला लागले, नाही समजला की दोनदा. दोनदा वाजलं की तुम्ही मंगीला म्हणायचात, "तुले समजनं नही वाटतं, परत सांगस." मंगी म्हणायची, "माले समजनं!" तुम्ही तरीही परत सांगायचात. माझी शाळा चौथीला संपली होती. ती अशी पुढे थोडी चालली. याबद्दल मी तुमची ऋणी आहे, आणि हे कोणाकरवी सांगण्यासारखं नव्हतं.

मग ती लेफ्ट आणि राइटची संध्याकाळ. तुम्ही नेहमीसारखं वाचलंत. राइट म्हणजे मुळात सरळ, मग बरोबर, मग उजवा. लेफ्ट म्हणजे मुळात दुबळा, निकामी. "देख, मंगे, इंग्रजसले बी माहीत व्हतं." मंगी म्हणाली, "आपल्याकडे?" तुम्ही म्हणालात, "इथला लोक उजवाले जमणो म्हनतस. जेवाना हात." मंगी म्हणाली, "मंग डावा हात उपाशी का?"

हे हसले. तुम्ही हसला नाहीत, कारण तेवढ्यात तुमची नजर तिच्या पेन्सिलीवर गेली. ती डाव्या हातात होती. नेहमीच असायची. तुम्ही ती रोज पाहत होतात, पण त्या दिवशी पुस्तकात वाचून पाहिलीत.

तुम्ही रागावला नाहीत, हेही लिहायला हवं. तुम्ही शांतपणे सांगितलंत की मार्का मारणारा एक डावखुरा माणूस तुमच्याकडे होता. त्याचा हात लिहिलेल्यावरून फिरायचा आणि ओला रंग पुसत जायचा, म्हणून त्याला काढलं. उद्या मंगीला शाईने लिहावं लागेल, परवा सासरी वाढावं लागेल, लोक नावं ठेवतील. "आतेच बदलेल बरं." मग तुमचा स्वतःचा रुमाल काढून तिच्या डाव्या मुठीभोवती गुंडाळलात आणि सैल गाठ मारलीत. "दुखस का?" असंही विचारलंत. मग पडद्याकडे पाहून नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणालात, "लेफ्ट म्हणजे दुबळा. समजनं का?"

मी पळी वाजवली नाही. एकदाही नाही, दोनदाही नाही. तुम्ही थांबलात. "मंगे, तुनी माय झोपनी का?" मंगीने पडदा सारून पाहिलं आणि म्हणाली, "नही, उभी शे."

त्या वेळी मला काय सांगायचं होतं ते आता सांगते. मी डावखुरी आहे. गावच्या शाळेत गुरुजींनी माझ्या डाव्या बोटांवर पट्टी मारून हात बदलला. बदलला खरा, पण उजव्याने माझं लिहिणं मागे पडायला लागलं. मला उत्तर येत असायचं आणि पेपर अर्धा असायचा. चौथीनंतर गुरुजींनी माझ्या बापाला सांगितलं, पोरगी मंद आहे, पुढे नको. मी मंद नव्हते, माझा हात मंद झाला होता. पण ते सांगायला तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही, आणि तेव्हा समोर जेठ नव्हते.

वाढायचं उजव्याने, जेवायचं उजव्याने, हे मी शिकले. लोकांसमोर जे दिसतं ते सगळं उजव्याने. पडद्यामागचं डाव्याने. साड्यांचे धागे कापायचं काम घरी येतं ते डाव्याने. कळण्याची भाकरी डाव्याने थापते. तुम्ही गावच्या पाहुण्यांना सांगायचात, "अशी कयनानी भाकर कोठेच भेटाव नही." नाना, सोळा वर्षं तुम्ही त्या निकाम्या हाताची भाकरी खाल्लीत.

आणि मला त्या संध्याकाळी आणखी एक सांगता आलं असतं. तुम्हाला राइटचं मूळ सरळ असं सापडलं म्हणून तुम्ही खूश होतात. आमच्या गावी कीर्तनाला येणारे बुवा सरळ वाटेला उजू वाट म्हणायचे. उजू म्हणजे सरळ, तोच आपला उजवा. तुमच्या वहीत मराठीच्या बाजूला ती जागा रिकामी होती. मी सांगितलं असतं तर तुम्ही ते लिहून घेतलं असतं, मला खात्री आहे. पण ते सांगितलं असतं तर तुमचंच म्हणणं पक्कं झालं असतं, म्हणून मी गप्प राहिले. हे काही चांगलं वागणं नव्हे.

दोन महिने मंगीने उजव्याने लिहिलं. बाईंनी वहीत लाल शेरा दिला, अक्षर बिघडले, काम अपुरे. तुम्ही म्हणालात, सवय होईल. ती दुसरी यायची वर्गात, या चाचणीत एकोणिसावी आली. तुम्ही तो कागद पुन्हा पुन्हा वाचलात आणि कपाटावर ठेवलात. मला वाटलं, तुम्ही रुमाल सोडाल. तुम्हालाही कदाचित तसं वाटलं असेल. पुढच्याच आठवड्यात तुम्ही गेलात.

त्या दिवशी तुमच्याजवळ दिवा ठेवायचा होता, वात दक्षिणेकडे करून. आपली गल्ली इतकी अरुंद की बाहेरून आलेल्याला सूर्य कुठून येतो तेच कळत नाही. पुरुषमाणसं भांडायला लागली. कोणी म्हणे दक्षिण मोरीकडे, कोणी म्हणे दाराकडे. "अरे, कामरेज कुणीकडे?" "कामरेजचा इथे काय संबंध?" "कामरेज पूर्वेला, तिकडून धर ना!" मंगी मधे जाऊन उभी राहिली. सकाळी ऊन पडतं त्या खिडकीकडे तिने तोंड केलं, शाळेत शिकवतात तसे दोन्ही हात बाजूला पसरले आणि उजवा हलवून म्हणाली, "हाई दक्षिण." दिवा तिकडे वळवला.

मी तिच्या दुसऱ्या हाताकडे पाहत होते. त्याला तुमचा रुमाल तसाच होता. आणि मला माझ्या चौथीतला धडा आठवला. आमच्याकडून तो इतक्या वेळा घोकून घेतला होता की झोपेतही म्हणता येईल. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा. समोर पूर्व, पाठीमागे पश्चिम, उजव्या हाताला दक्षिण, डाव्या हाताला उत्तर.

चार दिवसांनी मी मंगीला तुमच्या डिक्शनरीत नॉर्थ बघायला सांगितलं. तिने अक्षर अक्षर लावून वाचलं, शेजारच्या मास्तरांकडून समजून घेऊन आली. मूळ अर्थ बहुधा डावीकडचा, उगवतीला तोंड केलं असता. बहुधा, असं लिहिलं आहे, नक्की नाही. पण तुम्ही लेफ्ट पाहून थांबलात, नॉर्थ कधी उघडून पाहिलं नाहीत, हे खरं. त्याच लोकांनी डाव्या बाजूला दुबळंही म्हटलं आणि त्याच बाजूला ध्रुव पाहिला. आपल्यात तर त्या दिशेचं नावच उत्तर आहे.

मधे आणखी एक झालं. तुमचा डबा आणि चपला आणायला हे ट्रान्सपोर्टमध्ये गेले, मंगी सोबत होती. हजेरीच्या वहीत तुमच्या नावापुढे इंग्रजीत लेफ्ट लिहिलेलं तिने वाचलं. घरी येऊन म्हणाली, "माय, नाना बी डावा व्हता का?" मग तिनेच पुस्तकात पाहिलं. तो लेफ्ट वेगळा, त्याचं मूळ वेगळं. सोडून जाणं असा त्याचा आजचा अर्थ, पण मुळात मागे ठेवणं, उरू देणं. तिला ते नीट कळलं नाही. मी तिला परत वाचायला लावलं.

इथपर्यंत लिहिलं आणि मंगी शाळेतून आली, म्हणून वही ठेवली. पुढचं आज सकाळी लिहिते आहे. मंगी परीक्षेला गेली.

काल हे सातला आले. हातपाय धुऊन बसले. मंगी अभ्यासाला बसली तर यांनी तिला जवळ बोलावलं आणि रुमालाची गाठ घट्ट करायला लागले. मी पडद्याबाहेर आले. म्हटलं, "सोडा ते. उद्या ती डाव्याने लिहील."

हे गाठ हातात धरूनच म्हणाले, "नानानी सांगेल शे."

"माहीत शे."

"माणूस जाईसन पंधरा दिवस बी नही व्हयनात. नानाना शब्द मोडशी का?"

मी म्हटलं, "मोडत नही. उत्तर देस." आणि मग सगळं सांगितलं. गुरुजी, पट्टी, अर्धे पेपर, भाकरी. मधे कुठे थांबले नाही. मंगी तोंड उघडं ठेवून ऐकत होती. भाकरीपाशी आल्यावर यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. सोळा वर्षांत यांनाही ठाऊक नव्हतं. स्वयंपाकघरात पुरुष कशाला बघायला येतो?

मला वाटलं, हे ओरडतील. हे ओरडले नाहीत. म्हणाले, "नानाशी बोलाले लाज व्हती, समजनं. माले तरी सांगती. मी सांगतू ना नानाले. नाना ऐकता."

रीत तुमच्यापुरती होती, नाना. यांच्याशी मी रोज बोलत होते. भाजीचं, पाण्याचं, मंगीच्या फ्रॉकचं. दोन महिने रोज हे सांगता आलं असतं. यांनी तुम्हाला सांगितलं असतं, तुम्ही रुमाल सोडला असता, आणि तो एकोणिसावा नंबर तुम्हाला बघावा लागला नसता. मी पडद्याला दोष देत राहिले. पडदा दाराला होता, माझ्या तोंडाला नव्हता.

गाठ यांनीच सोडली. मंगीने लगेच पेन्सिल डाव्या हातात घेतली, पण दोन महिन्यांनी तो हातही अडखळतो आहे. पहिल्या ओळीतच अक्षर तिरपं गेलं. ती म्हणाली, "माय, हाऊ बी विसरना." मी म्हटलं, लिहीत राहा. ती जेवायच्या वेळेपर्यंत लिहीत होती, मग हे तिच्याजवळ बसून एकेक शब्द सांगायला लागले. बरं झालं की नाही, ते मला सांगता येत नाही.

पेपर एक वाजता सुटेल. तो अर्धा राहिला तर त्याचा दोष हे तुम्हाला देणार नाहीत, आणि मीही कोणाला देऊ देणार नाही. उशिरा बोलले ती मी.